पिवळा कोंडा

चौथा लंगोट दोरीवर टाकताना टिन्सी थबकली.

उन्हं अजून माडांच्या शेंड्यांवरच होती आणि एलीनं चार लंगोट ओले केले होते. आठ महिन्यांच्या पोरीला दुसरं काम तरी काय, दूध प्यायचं आणि ओलं करायचं. पण आत खाटेवर पडलेल्या तिच्या बापाला काल दुपारपासून एकदाही लघवी झाली नव्हती. टिन्सीनं मनातल्या मनात पुन्हा मागं जाऊन पाहिलं. काल जेवणाच्या वेळी एकदा, तीही जेमतेम, कोऱ्या चहासारखी गडद. संध्याकाळी तिनं भांडं पुढं धरलं तर तो मान हलवून आडवा झाला. पहाटेही तेच. पाणी पाजलं होतं, दोन शहाळी पाजली होती, वैद्यनचं बकरीच्या दुधातलं औषध पाजलं होतं. ते सगळं जात कुठं होतं?

ती हात पुसत आत गेली. तिचा नवरा लालिच्चन भिंतीकडं तोंड करून पडला होता. सोमवारी त्याचे डोळे लाल होते, बुधवारपासून त्या लालीवर हळद चढली होती. चादर सारखी करताना तिचा हात त्याच्या पोटरीला नुसता घासला, तर तो असा कण्हला, की खिडकीत जपमाळ घेऊन बसलेली तिची सासू, अम्मची, अर्धवट उठली.

"हात नको लावू, मोळे," सासू म्हणाली. "कावीळ अंग मोडून काढते. सात दिवस पथ्य पाळलं की उतरेल."

कावीळ टिन्सीनं पाहिली होती. तिच्या माहेरी तिच्या भावाला झाली होती. तो पिवळा पडला होता, कंटाळला होता, मीठ मागून मागून रडला होता. पण त्याच्या पोटऱ्या अशा दुखल्या नव्हत्या, आणि शेवटची कधी झाली ते आठवावं लागावं अशी त्याची लघवी थांबली नव्हती.

सहा आठवडे दोघे भाऊ बदकांमागं होते. भाताची कापणी झाली, की तेक्केच्चिरा घराण्याची बदकं पाडमा-पाडमातून, एका भातखाचरातून दुसऱ्यात, चरत जातात, आणि थोरला कुंजाक्को आणि धाकटा लालिच्चन त्यांच्यामागून. बांधावर झावळ्यांचं खोपटं घालायचं, दिवसभर गुडघाभर पाण्यात अनवाणी चालायचं, दाणे संपले की पुढचं पाडम. गेल्या रविवारी ते परत आले तेव्हा लालिच्चन होडीत बसलेला नव्हता, झोपलेला होता. टाचेत धसकट घुसून झालेली जखम पांढरी पडली होती. कुंजाक्कोनं त्याला धरून पायरीवर चढवलं आणि ऊन लागलंय म्हणाला. डोळे पिवळे झाल्यावर तोच म्हणाला, कावीळ. त्याच संध्याकाळी तोच कुमारपिळ्ळ वैद्यनला होडीतून घेऊन आला. वैद्यननं भुईआवळीचा आणि आणखी कसला तरी पाला वाटून दिला, मीठ बंद, तेल बंद, आणि सात दिवस इंग्रजी औषधाचा थेंब पोटात जाता कामा नये असं बजावून गेला.

तेक्केच्चिराच्या घरात थोरल्याच्या शब्दापुढं कोण बोलणार? बाप गेला तेव्हा कुंजाक्को एकोणीस वर्षांचा होता आणि लालिच्चन दहाचा. धाकट्याची फी, धाकट्याचं लग्न, धाकट्याचं वेगळं स्वयंपाकघर, सगळं थोरल्यानं केलं होतं. त्या वेगळ्या स्वयंपाकघरावरून त्याच्या बायकोनं, लिस्सम्मानं, दोन वर्षं टिन्सीशी धड बोलणं टाकलं होतं ती गोष्ट निराळी.

टिन्सीनं एलीला कडेवर घेतलं आणि परसात जाऊन फोन लावला. सासूला नाही, नवऱ्याला नाही, कुणालाच न विचारता. सुधर्माला.

*

सुधर्मा आरोग्य केंद्राची आशा सेविका. साडेनऊला ती पायरीशी होडीतून उतरली ती रागावूनच. पाच दिवस ताप आहे आणि मला आज सांगता, असं ती अम्मचीला म्हणाली, छत्री मिटता मिटता. मग ओसरीच्या कडेला बसून तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढली.

ओसरीवर सगळेच होते. कुंजाक्को खांबाला टेकून पाण्याकडं बघत उभा. लिस्सम्मा दारात. अम्मची मध्ये, पाय पसरून.

सुधर्मानं एकामागून एक विचारलं. ताप एकदम चढला का? डोळे लाल झाले होते का? पोटऱ्या दुखतात का? पायाला जखम होती का? दर प्रश्नाला टिन्सी हो म्हणत गेली, आणि दर होला सुधर्माचा चेहरा उतरत गेला. या भागात ते प्रश्न सगळ्यांना पाठ होते. कापणीनंतर उंदीर बांधावर चढतात, त्यांचं मूत पाण्यात उतरतं, आणि ते पाणी पायाच्या चिरेतून माणसाच्या अंगात जातं. उंदीरताप. गेल्या वर्षी पलीकडच्या बांधावरचा धडधाकट गडी सहा दिवसांत गेला होता.

पण मग सुधर्मानं वहीचं पान उलटलं आणि तिचा चेहरा थोडा मोकळा झाला. "कॅप्सुला तर घेतल्यात यांनी," ती म्हणाली. "सहाही आठवडे खूण आहे."

अम्मची सावरून बसली. ही तिची बाजू होती. बदकांमागं जाणाऱ्यांना उंदीरताप होऊ नये म्हणून सुधर्मानं सहा आठवड्यांच्या कॅप्सुला एकदम दिल्या होत्या, माणशी दर रविवारी दोन. अम्मचीनं त्या चोवीस कॅप्सुला स्वच्छ फडक्यात बांधून कुंजाक्कोच्या हातात ठेवल्या होत्या. दर रविवारी मिस्सा झाल्यावर ती चर्चच्या पायरीवरूनच फोन करायची आणि सुधर्माच्या वहीत खूण करून घ्यायची. "सहाच्या सहा रविवार," ती म्हणाली. "जेवल्यावर घेतल्या का, दोघांनी घेतल्या का, सगळं विचारून. विचार याला."

सुधर्मानं कुंजाक्कोकडं पाहिलं. "घेतल्या ना, अच्चाया?"

"घेतल्या," कुंजाक्को पाण्याकडं बघत म्हणाला.

लिस्सम्माच्या हातातलं सूप दाराच्या चौकटीला लागलं. तिच्याकडं कुणी पाहिलं नाही.

मग उंदीरताप असायची शक्यता कमीच, सुधर्मा म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. तरी एकदा केंद्रावर नेऊन रक्त तपासून घेतलेलं बरं. अम्मचीनं ते वाक्य पुरं होऊ दिलं नाही. सात दिवसांचं पथ्य तिसऱ्या दिवशी मोडलं तर औषध अंगावर उलटतं. वैद्यननं स्पष्ट सांगितलंय. आणि घेतल्यात ना कॅप्सुला? मग रक्त कशाला?

तिला रक्ताची भीती नव्हती. आलप्पुळाच्या मोठ्या इस्पितळाची होती. चोवीस वर्षांपूर्वी तिनं आपल्या नवऱ्याला, औताला, असंच होडीत घालून तिकडं पाठवलं होतं. तेव्हा लालिच्चनला कांजिण्या निघाल्या होत्या म्हणून ती स्वतः गेली नाही. तिसऱ्या दिवशी तीच होडी परत आली, आणि माणसं होडीतून उतरायच्या आधीच तिला कळलं, कारण वल्हवणाऱ्यांपैकी कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. सगळे म्हणाले उशीर झाला होता. ती मात्र एवढंच धरून बसली, की घरातून गेला तेव्हा तो बोलत होता.

"अम्मची," टिन्सी म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. दिराच्या समोर, ओसरीवर, तिनं आजवर चहा घेणार का याच्यापलीकडं काही विचारलं नव्हतं.

"त्यांना काल दुपारपासून लघवी झालेली नाही. एकदाही."

लिस्सम्मानं नकळत पदरासारखा खांद्यावरचा टॉवेल ओढला. कुंजाक्कोनं मान खाली घातली. एली आईच्या कानातलं डूल पकडून ओढत होती, तिचाच काय तो आवाज.

घाम फार येतोय त्याला, अम्मची म्हणाली, पाणी घामातून जातं. सुधर्मा उठून आत गेली. बाहेर आली ती थेट कुंजाक्कोसमोर उभी राहिली, म्हणाली की तिला कॅप्सुलांचं कोडं कळत नाही, पण हा माणूस आज इस्पितळात गेला पाहिजे. सरकारी बोट दुपारी दोनला होती. त्याआधी निघायचं तर कुंजाक्कोची इंजिनाची होडी, आणि तिची किल्ली कुंजाक्कोच्या कमरेच्या दोऱ्यात.

"संध्याकाळपर्यंत बघू," कुंजाक्को म्हणाला आणि पायऱ्या उतरून बदकांकडं निघून गेला.

टिन्सीनं पुन्हा फोन काढला. या वेळी तिनं तो अम्मचीसमोरच लावला, वैद्यनला, आणि आवाज मोठा केला. म्हातारा आधी खोकला, मग सगळं ऐकून घेतलं. त्यानं विचारलं, किती वेळ झाला? टिन्सीनं सांगितलं.

"मी कुंजाक्कोला तीनदा विचारलं होतं, उंदीरताप तर नाही ना," वैद्यन म्हणाला. "तो म्हणाला, गोळ्या घेतल्यात. म्हणून मी हात लावला. पाणी थांबलं असेल तर ते माझ्या पाल्याचं काम नाही. आता माझा एक थेंबही देऊ नका. घेऊन जा त्याला."

अम्मचीच्या हातातली माळ थांबली होती. पण ती उठली नाही. ज्याची होडी तो संध्याकाळ म्हणून गेला होता, आणि या घरात चोवीस वर्षं तिनं त्याच्या शब्दावर शब्द ठेवला नव्हता. ठेवायचा कसा, तेच तिला आठवत नव्हतं.

*

बदकं जाळीच्या आत एकमेकांना रेटत ओरडत होती. कुंजाक्को कोंड्याचं टोपलं घेऊन उभा होता आणि टाकत नव्हता.

पहिल्याच रविवारी झालं ते. चाळीसएक बदकांच्या माना लोळल्या होत्या, विष्ठा हिरवी. एका बदकाला लागण झाली की आठशे आडवी व्हायला चार दिवस पुरतात, हे तो बापाच्या हाताखाली शिकला होता. जनावरांचा डॉक्टर होडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आणि लालिच्चन जेवून उठला होता, फडकं सोडून दोन कॅप्सुला तळहातावर घेऊन पाण्याचा लोटा शोधत होता.

थांब, कुंजाक्को म्हणाला होता. हेच औषध बदकांच्या डॉक्टरनं मागं दिलं होतं, फक्त पुडीतून. लालिच्चननं तळहाताकडं पाहिलं, बदकांकडं पाहिलं आणि हसला. "उंदरांनी मला धरलं तर?" असं म्हणत त्यानं दोन्ही कॅप्सुला भावाच्या हातात दिल्या. दोघांनी मिळून चोवीसही फोडल्या. पिवळी पूड कोंड्यात कालवली. तीन दिवस रोज थोडी थोडी. चौथ्या दिवशी माना वर झाल्या, तेव्हा दोघं भाऊ बांधावर बसून पोरांसारखे हसले होते.

आणि मग रविवारचा फोन. घेतल्या का, मोने? तो म्हणाला, घेतल्या. एवढ्यासाठी म्हातारीचा जीव कशाला टांगायचा. दुसऱ्या रविवारी तेच म्हणणं सोपं गेलं. पाचव्या रविवारी त्याला स्वतःलाच वाटायला लागलं, की घेतल्या असाव्यात.

चार दिवस तो एकाच गोष्टीला धरून उभा होता. त्यानंही घेतल्या नव्हत्या. तोही त्याच पाण्यात होता, त्याच बांधावर झोपला होता, आणि त्याला काही झालं नव्हतं. मग लालिला कॅप्सुला न घेतल्यानं झालं असं कसं म्हणायचं? कावीळच असणार. कावीळच असायला हवी होती.

"टाका तो कोंडा," मागून लिस्सम्मा म्हणाली. "का आज त्यांच्यासाठी औषध नाही?"

त्याचा हात टोपल्यावर घट्ट झाला.

"तिसऱ्या रविवारी मी शिजवलेला कप्पा आणि मासे घेऊन आले होते खोपटात," ती म्हणाली. "कोंडा कालवायचा टब उलटा घातला होता तुम्ही. तळ पिवळा होता, आणि खाली रिकाम्या टरफलांचा खच. मला वाटलं, अर्ध्या दिल्या असतील, अर्ध्या खाल्ल्या असतील. म्हणून गप्प बसले. आज ओसरीवर तुमचा चेहरा बघितला."

"सांगून तो बरा होणार आहे का?"

"ते डॉक्टर ठरवतील. पण तिथं गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि अम्मची छाती पुढं काढून सांगेल सहा रविवार. मग ते दुसरंच काहीतरी शोधत बसतील." तिचा आवाज चढला नव्हता. ती त्याच्या जवळ आली. "मला टिन्सी आवडत नाही, सगळ्यांना माहितेय. पण तो गेला तर तिच्या चुलीशेजारी मी माझी चूल कशी पेटवू? रोज सकाळी? तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते."

"लिस्सी."

"मी दहापर्यंत मोजणार नाहीये," ती म्हणाली आणि पाठ फिरवून निघाली. ती घराच्या दिशेनं चालत होती आणि वळून बघत नव्हती.

कुंजाक्कोनं टोपलं तिथंच पालथं केलं. बदकं त्यावर तुटून पडली. तो जाळीवरून उडी मारून बायकोच्या पुढं गेला, कारण हे तिच्या तोंडून अम्मचीनं ऐकलं असतं, तर त्याला पुन्हा त्या पायऱ्या चढता आल्या नसत्या.

*

ओसरीवर तो बसला नाही. उभ्या उभ्या, आईच्या पायांकडं बघत म्हणाला.

"अम्मची, कॅप्सुला त्यानं घेतल्या नाहीत. मी पण नाही. बदकांना घातल्या."

अम्मचीला आधी शब्दच ऐकू आले, अर्थ नंतर. "सगळ्या?"

"सगळ्या. पहिल्याच आठवड्यात."

"आणि मी विचारत होते तेव्हा?"

"खोटं बोललो."

सुधर्मानं वही मिटली आणि फोन कानाला लावून ती पायऱ्यांकडं गेली. केंद्रावरच्या डॉक्टरांशी ती भराभर बोलत होती, उंदीरताप, कॅप्सुला नाहीत, लघवी बंद, होय, वीस तास. टिन्सी दाराच्या चौकटीत होती. तिनं एलीला इतकं घट्ट धरलं होतं, की पोर कुरकुरायला लागली.

अम्मची आपल्या थोरल्याकडं बघत होती. कानाजवळचे केस पांढरे झाले होते त्याचे. औता गेला त्या दिवशी याच पायऱ्यांवर त्यानं धाकट्याला कडेवर उचललं होतं, दहा वर्षांचा घोडा झालेला, अंगभर कांजिण्यांच्या खपल्या, आणि दिवस मावळेपर्यंत खाली ठेवलं नव्हतं. तेव्हापासून तिनं त्याला कधी काही विचारलं नाही. विचारलं ते फक्त हे, रविवारी, फोनवर.

"किती वाचली?" तिनं विचारलं.

त्याला कळलं नाही.

"बदकं. आजारी पडली होती त्यातली."

"अडतीस."

अम्मचीनं मान हलवली. तिनं हात टेकून गुडघे सरळ केले, आत गेली, लालिच्चनच्या उशाशी झाकून ठेवलेला बकरीच्या दुधाचा वाडगा उचलला, आणि खिडकीतून खाली केळीच्या बुंध्यात ओतून दिला. परत आली तेव्हा तिच्या खांद्यावर बाहेर जायचं पांढरं उपरणं होतं.

"होडी काढ," ती म्हणाली. "आणि ती आरामखुर्ची पण घे, त्याला आडवं नका नेऊ. आडवं मी या घरातून एकालाच नेऊ दिलंय."

टिन्सी म्हणाली, अम्मची, तुम्ही नका येऊ, उन्हाचं. अम्मचीनं तिच्याकडं पाहिलंच नाही. मागच्या वेळी मी घरी राहिले होते, एवढंच म्हणाली.

लिस्सम्मानं पुढं येऊन एलीसाठी हात पसरले. दोन वर्षांत पहिल्यांदा. टिन्सीनं क्षणभर तिच्या हातांकडं पाहिलं, मग पोर दिली. दुपारी नाचणीची लापशी खाते, साखर नको, झोपताना कान चोळायचा, असं ती पायऱ्या उतरता उतरता सांगत राहिली, आणि लिस्सम्मा प्रत्येक गोष्टीला हं म्हणत राहिली.

होडीत कुंजाक्को इंजिनाशी. अम्मचीनं लालिच्चनचं डोकं पोटाशी धरलं होतं आणि छत्री त्याच्यावर. मधेच तो पुटपुटला. टिन्सीनं वाकून ऐकलं. त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं. तो थोरल्या भावाला अच्चाया अच्चाया म्हणत होता, आणि इंजिनाच्या आवाजात ते मागं ऐकू जात नव्हतं.

इस्पितळाच्या तातडीच्या विभागात तरुण डॉक्टरीणबाई वाट बघत होती, केंद्रावरून फोन आला होता. तिनं पोटरी दाबली, पापणी उलटली आणि पहिला प्रश्न तोच विचारला. कुंजाक्कोनं पुढं होऊन उत्तर दिलं. तिनं त्याला बोल लावला नाही, त्याच्याकडं नीट पाहिलंही नाही. फक्त नर्सला वळून म्हणाली, उंदीरताप, लेप्टो धरून चला, पहिलं इंजेक्शन आत्ता, आणि मूत्रपिंडवाल्यांना बोलवा. मग जाता जाता कुंजाक्कोकडं बोट करून म्हणाली, याचंही रक्त घ्या.

*

पाच दिवस. त्यात तीनदा यंत्रावर रक्त धुतलं. पहिल्या दोन दिवसांत डॉक्टर टिन्सीशी बोलताना तिच्या चेहऱ्याऐवजी कागदाकडं बघत. तिसऱ्या दिवशी नळीच्या पिशवीत तळाशी थोडं गडद पाणी दिसलं, आणि नर्सनं ते मापात ओतून लिहून ठेवलं तेव्हा टिन्सीला ती बाई सख्ख्या बहिणीसारखी वाटली. चौथ्या दिवशी पिशवी अर्धी. पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाई तिच्या चेहऱ्याकडं बघून म्हणाली, वळण घेतलंय.

एलीला वॉर्डात येऊ देत नव्हते. पहिल्या दिवशी टिन्सी न्हाणीघरात जाऊन भिंतीला टेकून दूध पिळून टाकत होती आणि रडत होती. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता खालून फोन आला, लिस्सम्माचा, खाली ये. दोन होड्या आणि एक बस बदलून ती पोरीला घेऊन आली होती. फाटकाजवळच्या बाकावर, आंब्याच्या सावलीत, टिन्सीनं एलीला पाजलं, आणि लिस्सम्मा समोर टॉवेल धरून आडोसा करून उभी राहिली. त्यानंतर ती रोज येत होती. दोघींचं बोलणं पोरीपुरतंच असायचं. शी झाली का, रात्री उठली का. पण काल निघताना लिस्सम्मा एकदम म्हणाली, मला तिसऱ्या रविवारीच कळलं होतं. टिन्सीनं एलीचं टोपडं सारखं केलं. एली दोघींच्या मध्ये आपला अंगठा चोखत होती.

कुंजाक्को फाटकाबाहेर होता. त्याचं रक्त ठीक निघालं होतं. त्याला गोळ्या देऊन घरी जा म्हणून सांगितलं होतं, पण तो गेला नाही आणि आतही आला नाही. बदकांकडं शेजारी बघत होते. अम्मचीनं पाच दिवसांत त्याच्याशी एक शब्द काढला नव्हता. ती त्याला डबा पाठवायची, टिन्सीच्या हातून, आणि डबा रिकामा आला का ते मात्र उघडून बघायची.

पाचव्या दिवशी दुपारी चारला भेटीची वेळ सुरू झाली. एका वेळी एकच माणूस, हातात पास घेऊन. टिन्सी आत गेली तेव्हा लालिच्चनचे डोळे उघडे होते. पिवळे होते, पण तिच्यावर ठरले.

या घटकेसाठी तिनं पाच दिवस वाक्यं जमवली होती. एलीला दात येतोय, हे तिला सगळ्यात आधी सांगायचं होतं. ती स्टुलावर बसली आणि त्याच्या ओठांना ओला कापूस लावला.

"अम्मचीला सांगू नकोस," तो म्हणाला.

"काय?"

"कॅप्सुलांचं." त्याला धाप लागली. "अच्चायाला ती... घरात ठेवणार नाही."

टिन्सीचा हात तसाच राहिला. तिला वाटत होतं की तो झोपेत भावाला हाका मारत होता. तो भावाची बाजू धरून बसला होता. तापात, होडीत, यंत्रावर.

"मी फोनवर विचारायचे," ती म्हणाली. "तुम्ही सांगायचात, घेतल्या."

"अच्चाया शेजारी असायचा."

"माझ्या शेजारी एली असायची."

त्यानं डोळे मिटले. कडेनं पाणी आलं आणि कानाकडं गेलं. ते तिनं पुसलं.

"सगळ्यांना कळलंय," ती थोड्या वेळानं म्हणाली. "त्यांनीच सांगितलं. ओसरीवर उभं राहून, अम्मचीला. नाहीतर आपण वेळेवर निघालो नसतो."

त्यानं डोळे उघडले. मग विचारलं, "येऊन गेला?"

"नाही. फाटकाशी आहेत. पाच दिवस झाले."

लालिच्चनची मान उशीवर हळूहळू वळली, दाराकडं, आणि तिथंच राहिली. टिन्सीनं ती मान पाहिली. मानेवरच्या शिरा पाहिल्या. एली झोपेतून उठून आईला शोधते, तेव्हा अशीच बघते, रडायच्या आधी.

दाताचं सांगायचं राहिलंच. ती उठली.

जिन्यात अम्मची बाकावर बसल्या बसल्या झोपली होती, माळ मांडीवर. टिन्सी तिच्या बाजूनं उतरली, अंगण ओलांडून फाटकाशी गेली. कुंजाक्को तिला बघून एकदम उभा राहिला, खांद्यावरचा पंचा हातात घेत. पाच दिवसांची दाढी. काहीतरी वाईट सांगायला आली असं त्याला वाटलं असणार, कारण त्याचा हात फाटकाच्या गजाकडं गेला.

"शुद्धीवर आहेत," ती म्हणाली.

त्यानं गज सोडला.

तिनं पास पुढं केला. त्यानं घेतला नाही. "त्यानं बोलावलं?" त्यानं विचारलं.

"बोलावत नाहीत. दाराकडं बघत पडलेत."

"टिन्सी, मी..."

"अच्चाया," ती म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही." तिनं त्याचा हात धरला, पास त्यात ठेवला आणि बोटं मिटवली. "पण हा पाचपर्यंतच चालतो. जा."